पाणी पिणारी पावडर

भाऊजींनी कंपनीत सांगून टाकलं होतं की मी पीएचडी आहे.

मला हे कळलं ते थेट त्यांच्या मीटिंगच्या खोलीच्या दारात. आत गार हवा, लांबलचक टेबल, आणि मी बूट बाहेर काढायचे का याच विचारात.

"अहो, मी बारावीला आपटलोय," मी कुजबुजलो.

"ते त्यांना कशाला सांगायचं? तू फक्त चष्मा लाव."

"मला चष्मा नाहीये."

"मग गंभीर दिस."

भाऊजी वाईट माणूस नाही. त्यांना वाटतं, माल चांगला असला की बाकीचं थोडं रंगवून सांगितलं तर चालतं. आणि माल चांगला आहे असं त्यांना मीच सांगितलं होतं.

आता घरचं सांगतो, नाहीतर त्या खोलीत माझा जीव का वरखाली होत होता ते कळायचं नाही.

मी ताईकडे राहतो. ताई आणि भाऊजींचं घरातच वर्कशॉप आहे, मागच्या दोन खोल्यांत. तिथे सिरॅमिकच्या चकत्या बनतात, कोटाच्या बटणाएवढ्या. दिसायला काहीच नाही, फुटक्या बशीचा तुकडा म्हणून कुणीही फेकून देईल. पण त्या चकतीवर टिचकी मारली की ती वीज देते, आणि तिला वीज दिली की ती थरथरते. सेकंदाला लाख वेळा थरथरू शकते. गॅसच्या लायटरमधली ठिणगी तिचीच. गाडी मागे घेताना जो टीं टीं आवाज येतो तोही तिचाच. दम्याच्या पेशंटला वाफारा देणारं मशीन असतं ना, त्यात पातळ औषधाचं धुकं करते तीही हीच.

फक्त एक भानगड आहे. नेहमीच्या चकतीत अर्ध्याहून जास्त वजन शिशाचं असतं. पिवळी पावडर येते त्याची. चाळली की उडते. दिसत नाही, पण बसते. पडद्यावर, पंख्यावर, कपड्यांवर.

माझी भाची चार वर्षांची. चकत्यांच्या घरात जन्मली म्हणून सगळे तिला बटण म्हणतात. बटण सारखी पोट दुखतं म्हणायची, जेवायची नाही, चिडचिड करायची. आम्हाला वाटलं लाडावलीय. मग डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "घरात काय काम चालतं?"

शिसं निघालं. बाईंचं म्हणणं सरळ होतं: एक तर घरातून ती पावडर जाईल, नाहीतर मुलगी जाईल.

मुलगी गेली. ताईच्या सासूबाईंकडे, म्हणजे बटणच्या आजीकडे. ताई रोज व्हिडिओ कॉल करायची, आणि बटण फोन स्वतःकडे न धरता छताकडे धरून ठेवायची. रुसलेली. ताई त्या छताशी बोलत बसायची.

मी तेव्हा रिकामाच होतो. मोबाईलवर वाचायचो. बिनशिशाच्या चकत्या बनतात हे मला तिथेच सापडलं. शिशाच्या जागी पोटॅशियम, सोडियम आणि नायोबियम. तिन्हींच्या पांढऱ्या पावडरी मिळतात. ठरल्या मापात मिसळायच्या, दळायच्या, भाजायच्या, परत दळायच्या, दाबून चकत्या करायच्या आणि भट्टीत पक्क्या करायच्या. मी ताईला दाखवलं. तिला त्यातलं फार कळलं नाही, मलाही नाही, पण तिने एवढंच विचारलं, "जमेल?"

"जमेल," मी म्हणालो.

आणि जमलं की! सुरुवातीला दोन घाणे फुटले. पोटॅशियम भट्टीत तापलं की उडून जातं हे मला नंतर कळलं. मग चकत्या त्याच पावडरीत पुरून भाजायच्या हे वाचून काढलं. तिसऱ्या वेळी चकत्या अखंड निघाल्या. ऐन उन्हाळा होता, घशाला कोरड पडेल अशी हवा. भाऊजींनी नमुने वाफाऱ्याची मशीनं बनवणाऱ्या कंपनीला नेऊन दिले. त्यांना परदेशात माल पाठवायचा होता आणि तिकडे शिसं नको होतं. नमुने पास. मोठा लॉट मागवला. तो पसंत पडला असता तर कायमचं काम मिळणार होतं, आणि भाऊजी पिवळ्या पावडरीचे ड्रम त्याच दिवशी परत करणार होते. असं ठरलंच होतं.

त्या दोन महिन्यांत मी जरा फुगलो, खोटं कशाला बोलू. दुकानात सामान घेतानासुद्धा ग्रॅम-मिलिग्रॅममध्ये बोलायचो. ताई म्हणायची, "अरे, कांदे घेतोयस."

मग कंपनीतून फोन आला, लॉटबद्दल बोलायचंय, या.

त्या सकाळी ताई दारात उभी होती. "हे पास झालं तर आजच आणते मी तिला. कपडे धुऊन ठेवलेत तिचे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खात्री आहे ना तुला?"

लॉटबद्दल बोलायचंय म्हणजे काय बोलायचंय, हे मला माहीत नव्हतं. हवा बदलली होती, भिंतींना ओल येत होती, आणि या लॉटच्या चकत्या पहिल्यांपेक्षा जरा वेगळ्या दिसत होत्या. कडेला जरा मळकट. मी ते पाहिलं होतं.

मी मान हलवली. आहे म्हणून.

तर ती खोली.

टेबलापलीकडे दोघं होते. एक खरेदी खात्याचा, माझ्याच वयाचा, इस्त्रीवाला. दुसऱ्या टेस्टिंगच्या मॅडम. पिकलेले केस, बाह्या दुमडलेल्या, बोटांना कसलातरी डाग. त्यांच्यासमोर दोन मशीनं.

"या, सर," त्या मला म्हणाल्या.

त्या सरनेच माझे कान तापले.

त्यांनी पहिलं मशीन चालू केलं. त्यात शिशाची चकती होती. दाट धुकं आलं, टेबलावर पसरलं. मग दुसरं चालू केलं, आमच्या चकतीचं. आरशावर श्वास सोडल्यावर येतं ना, तेवढं. तेही दम लागल्यासारखं, थांबून थांबून.

"नमुने उत्तम होते," मॅडम म्हणाल्या. "हा लॉट असा का?"

बोलता बोलता त्यांनी आमची एक चकती उचलली आणि पाण्याच्या ग्लासात टाकली. टुप्. मला कळेना की ती का टाकली. विचारायला लाज वाटली. मग मी बोलायला लागलो.

काय बोललो देव जाणे. जेवढे मोठे शब्द वाचले होते तेवढे सगळे बाहेर काढले. स्फटिकाची रचना, तापमान, कणांचा आकार. मधेच हातवारे केले. भाऊजी शेजारी मान डोलवत होते, जणू गाणं चाललंय. खरेदीवाला लिहून घेत होता. मॅडम नुसत्या ऐकत होत्या. एकदाही मधे बोलल्या नाहीत. आणि मला वाटलं, छाप पडतेय.

माझं संपल्यावर त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला.

चकती नव्हती. तळाशी पांढरा गाळ होता.

"पक्की चकती पाण्यात विरघळत नाही, सर. तुमच्या चकतीत भलतंच काहीतरी तयार झालंय आणि ते पाणी ओढतंय. पोटॅशियम कमी पडलं की असं होतं. वजन कसं करता तुम्ही?"

हे मला येत होतं. हायसं वाटलं. "पावडर आधी भट्टीत सुकवतो. रात्रभर. पोटॅशियमची पावडर दमट असते ना, म्हणून."

"बरोबर. मग?"

"मग गार करतो. गरम असली की काटा चुकीचं वजन दाखवतो."

"बरोबर. गार कुठे करता?"

"ताटात."

"उघड्या?"

"नाही नाही," मी घाईघाईने म्हणालो. "वर फडकं टाकतो."

खरेदीवाला फिस्सकन हसला. भाऊजींना वाटलं काहीतरी विनोद झाला, तेही हसले. मोठ्याने. मग एकटेच हसतायत हे लक्षात आल्यावर थांबले.

मॅडम हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "ही पावडर हवेतलं पाणी पिते. फडक्यातून आरामात पिते. रात्रभर तुम्ही जे काढलं ते ताटात परत आत गेलं. तुम्ही पोटॅशियम म्हणून जे मोजलं त्यात पाणी होतं. हवा कोरडी होती तोपर्यंत निभावलं. गार करायची ती बंद भांड्यात. डेसिकेटर वाचलं नाही का कुठे?"

वाचलं होतं. प्रत्येक ठिकाणी वाचलं होतं. मला वाटलं, श्रीमंत लॅबमध्ये असतात तसले नखरे, आपल्याला काय गरज. तो शब्द आला की मी पुढे सरकायचो.

"हे तर पहिल्या आठवड्यात शिकवतात," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमची पीएचडी कुठली?"

मी काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, "बाहेरची."

"बाहेरची म्हणजे?"

"म्हणजे... इथली नाही."

जमीन फाटावी आणि आपण आत जावं असं म्हणतात ना, तसं मला झालं नाही. मला उलट वाटलं की सगळी जमीन, टेबल, मशीनं आहेत तिथेच राहणार आहेत आणि मलाही इथेच बसायचंय.

"मी पीएचडी नाही," मी म्हणालो. "बारावी पण नाही."

खरेदीवाल्याचं पेन थांबलं. भाऊजींनी टेबलाखालून माझा पाय दाबला, पण मी बोलून बसलो होतो.

मला वाटलं होतं, खरं बोललं की मॅडम जरा विरघळतील. शिकवतील. तसं काही झालं नाही.

"बारावी नसल्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "चूक पण समजू शकते. पण हे मशीन लहान मुलांच्या तोंडाला लावतात. दम लागलेल्या मुलांच्या. तुम्ही मला आणखी काय काय सांगितलंय, आणि त्यातलं काय काय मी आता परत तपासू?" त्या उठल्या. "पुढचं खरेदी खात्याशी बोला."

खरेदीवाला आमच्याकडे न बघता म्हणाला, "कळवतो."

पार्किंगमध्ये भाऊजींना गाडीची किल्ली सापडेना. हातातच होती.

"तू गप्प बसला असतास तर निभावलं असतं," ते म्हणाले.

"तुम्ही पीएचडी म्हणाला नसतात तर..."

"आणि फडकं? ते पण मीच टाकलं?"

मी गाडीत जाऊन बसलो. मग सिग्नलला ते समोर बघत म्हणाले, "गाड्यांच्या बजरवाल्यांची ऑर्डर पडून आहे. शिशाची. उद्यापासून ती घेऊ हातात. घर चालायला पाहिजे. बटण राहील अजून थोडे दिवस आईकडे."

मी म्हणालो, "हं."

त्या खोलीत जे झालं ते झालं. पण हा हं मी स्वतःहून दिला. कुणी पाय दाबला नव्हता.

घराच्या दारात छोट्या चपला होत्या. एक सुलटी, एक उलटी.

आम्ही दोघं त्या चपलांकडे बघत उभे राहिलो.

ताईने वाट बघितलीच नव्हती. मी मान हलवली होती ना सकाळी. तेवढ्यावर ती दुपारीच जाऊन तिला घेऊन आली होती. वर्कशॉपच्या दाराला तिने खालीवर प्लॅस्टिक चिकटवलं होतं, पुढची खोली पुसून काढली होती.

"मामा!" बटण पळत आली. "माझा दात हलतोय!"

"चौथ्या वर्षी दात हलत नाही गं," भाऊजी म्हणाले.

"हलतोय! आजी म्हणाली नाही हलत, पण हलतोय!"

ताईने आमचे चेहरे पाहिले. तिने बटणला अंगणात बादल्यांतली झाडं मोजायला पाठवलं आणि दार लोटलं.

"काय झालं?"

"म्हणजे तसं त्यांना आवडलंय," भाऊजींनी सुरुवात केली, "फक्त थोडं इकडचं तिकडे..."

"नापास," मी म्हणालो. "माझ्यामुळे. आणि पीएचडीमुळे."

"कसली पीएचडी?"

मग सगळं सांगावं लागलं. ताट, फडकं, ग्लास, बाहेरची. ताई भाऊजींवर ओरडेल असं मला वाटलं. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळली.

"सकाळी मी तुला काय विचारलं?"

मी वर्कशॉपच्या दारावरचं सुटलेलं प्लॅस्टिक दाबायला लागलो.

"खात्री आहे का, विचारलं. तुला नव्हती?"

"चकत्या जरा मळकट दिसत होत्या."

"दिसल्या होत्या तुला?"

"हो."

"मग नाही म्हणता येत नव्हतं? इथे कोण हसणार होतं तुला? मी?"

मी भिंतीकडे बघत राहिलो.

भाऊजी म्हणाले, "अगं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. उद्या सोडून येतो मी तिला आईकडे. शिशाची एक ऑर्डर मारू, मग..."

"तुम्ही कशाला? मीच जाते."

"बरं, तू सोडून ये."

"सोडून येत नाही. राहते तिच्याबरोबर." ताई आधीच आतल्या कपाटाकडे निघाली होती. "आता ती छताला फोन दाखवणार नाही. तुम्ही दोघं बसा चाळत. एक पीएचडी, एक पीएचडीचा मालक."

एरवी आम्ही हसलो असतो.

बटणला मीच सांगावं असं ताई म्हणाली, कारण मानही मीच हलवली होती. मी अंगणात गेलो. बटण झाडं मोजत होती, सात, आठ, पाच. मी म्हणालो, "बटण, आजीकडे जायचंय परत." तिने विचारलं, "का?" मी म्हणालो, "मामाचं काम चुकलं." तिने थोडा विचार केला आणि जोरात भोकाड पसरलं. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. मी तिला उचलायला गेलो तर तिने मला लाथ मारली. बरोबर मारली.

दुसऱ्या दिवशी घरात आम्ही दोन पुरुष. भाऊजींनी पिवळ्या पावडरीचा ड्रम उघडला, मास्क लावला, चाळणी घेतली. चाळणी हातात धरून बसले. चाळेचनात. मग दाबायच्या मशीनवर जुनी पावडर घालून एक चकती काढून बघितली, ती वरून टोपी निघावी तशी फाटली. ताईच्या हातून कधी फाटत नाही. दुसरीही फाटली. मला वाटलं शिव्या देतील, पण त्यांनी ड्रमचं झाकण लावलं आणि बजरवाल्याला फोन केला. स्पीकरवर, कारण हात पिवळे होते.

"ती ऑर्डर जमणार नाही," भाऊजी म्हणाले.

"का हो? मशीन बिघडलं?"

मी भाऊजींकडे बघत होतो. ओठांवर आलेलं मला दिसत होतं. मशीन बिघडलं, आजारपण आहे, लग्न आहे. काहीही सहज खपलं असतं.

"घरात लहान मुलगी आहे," ते म्हणाले. "तिच्या रक्तात शिसं निघालंय. आमच्याच पावडरीचं. बंद केलं मी."

"मग मी दुसरीकडून घेऊ का?"

"घ्या."

"परत काम देता येणार नाही हं मग."

"हो," भाऊजी म्हणाले, आणि कोपराने फोन बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे नाही. दोघांनी मिळून ड्रम उचलला.

पावडर विकणाऱ्याने ड्रम परत घेतले, कुरकुरत. सध्या भाऊजी दारावरच्या बेल बनवणाऱ्या एकाकडून तयार सुटे भाग आणून जोडतात. कंटाळवाणं काम आहे, त्यांना डुलक्या लागतात. पोटॅशियमच्या चकत्या मी पुन्हा केल्या. हवाबंद डब्यात तळाशी सिलिका जेलच्या पुड्या घातल्या, बुटांच्या खोक्यांतून येतात त्या. पावडर त्यात गार केली, झाकण काढलं की लगेच वजन. या वेळच्या चकत्या पाण्यात टिकल्या. खरेदी खात्याला पाठवल्यात, सोबत खरं काय ते लिहून. उत्तर आलेलं नाही. येईलच असं मी कुणाला सांगत नाही.

घर पुसायला मात्र फार वेळ लागला. झाडू चालत नाही, झाडूने शिसं परत उडतं. सगळं ओल्या फडक्याने. भिंती, कपाटांच्या मागच्या बाजू, खिडक्यांच्या खाचा. ताई मधेच तपासायला आली, एकटी. ओला कापूस घेऊन पंख्याच्या पात्याच्या वर फिरवला. पिवळा.

"अजून," म्हणाली आणि निघून गेली.

आम्ही अजून पुसलं. पडदे टाकून दिले. गाद्या टाकून दिल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या माणसाने येऊन राहत्या खोल्यांतली धूळ तपासून नेली. ती बरी निघाल्यावर मगच ताई बटणला घेऊन आली.

मी तेव्हा मागच्या खोलीत होतो. भट्टीखालची शेवटची फरशी खरवडून काढत होतो, तेवढीच राहिली होती. अंगावर तेच कपडे, हात कोपरापर्यंत माखलेले. बटण सगळ्या खोल्यांतून हाका मारत आली, आणि दारात मला बघून सरळ अंगावर झेपावली.

"थांब!" मी ओरडलो. "लांब हो! हात लावू नकोस!"

एवढ्या जोरात मी कधीच ओरडलो नव्हतो. ती जागच्या जागी थांबली. तोंड उघडं. मग मागच्या मागे पळाली.

मी न्हाणीघरात जाऊन हात धुतले, केस धुतले, कपडे बदलले, परत हात धुतले. नखं घासली. बाहेर आलो तेव्हा ती भाऊजींच्या मांडीवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी समोर गेलो तर ती दुसरीकडे वळली.

"राहू दे," ताई म्हणाली. "येईल आपणहून. नाही आली तर नाही."

मी जमिनीवर बसलो, तिच्यापासून हातभर लांब. हातातून पाणी गळत होतं. घरातलं कुठलं फडकं पुसण्याइतकं स्वच्छ असेल हेही मला कळेना, म्हणून हात तसेच पुढे धरून बसलो.